फ्लूक एकच, मग माऊस का मरतो आणि रॅट का वाचतो?

दिवाळी उलटली की नाथसागराचं पाणी मागं सरकायला लागतं. उघड्या पडलेल्या गाळात गाळपेराची पेरणी होते आणि पाण्याच्या कडेनं हिरवळ धरते. माळावर काडी उरत नाही तेव्हा काठच्या गावांतली जनावरं त्याच हिरवळीवर येतात: गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्यांचे कळप. पाझर तलावांच्या कडेला आणि कालव्याच्या पाझरातही हेच चित्र. या गवताला लिव्हर फ्लूकचे, म्हणजे यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमीचे, कोश चिकटलेले असतील, तर ते सगळ्यांच्याच पोटात जातात. पुढं मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरतं, ती दगावूही शकते. गाय रोडावते, दूध कमी करते, पण बहुतेकदा तगून जाते. मोकाट फिरणाऱ्या डुकराला सहसा काहीच होत नाही.

एवढा फरक का पडावा? मोठं जनावर सोसतं आणि लहान मरतं, एवढंच उत्तर असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण मेंढीहून कितीतरी लहान असलेला रॅट, म्हणजे प्रयोगशाळेतला थोराड उंदीर, या किड्याला मेंढीपेक्षा चांगला तोंड देतो. खरं उत्तर किड्याच्या वाटेवर आहे, म्हणून आधी ती वाट बघू.

फ्लूक म्हणजे चपटा, पानाच्या आकाराचा कृमी. आपल्याकडच्या मैदानी मुलखात आढळतो तो फॅसिओला जायगँटिका, लांबीला 25 ते 75 मिलिमीटर. त्याचा धाकटा भाऊ फॅसिओला हेपॅटिका थंड प्रदेशातला. आपल्या देशात तो हिमालयाच्या बाजूला सापडतो. जगातलं बहुतेक संशोधन या धाकट्यावर झालेलं आहे, ही गोष्ट पुढं उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. शेणावाटे अंडी पाण्यात पडतात, त्यातून सूक्ष्म अळी निघते आणि ती लिम्निया जातीच्या छोट्या पाणगोगलगाईत शिरते. तिथं एकीच्या शेकडो होतात, बाहेर पडून गवताला चिकटतात आणि स्वतःभोवती कोश करून बसतात. हे सगळं चक्र जर्मनीत ल्यूकार्ट आणि इंग्लंडमध्ये थॉमस यांनी 1881 ते 1883 या काळात वेगवेगळं उलगडलं. कोणत्याही फ्लूकचं पूर्ण जीवनचक्र माणसाला कळलं ते तेव्हा पहिल्यांदा. एक खुलासा इथंच करून टाकतो. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनचे कोवळे अंकुर फस्त करणारी शंखी गोगलगाय ती ही नव्हे. ती जमिनीवरची, आणि या रोगाशी तिचा संबंध नाही.

जनावरानं कोश गिळला की खरा प्रवास सुरू होतो. लहान आतड्यात कोश फुटतो. आतलं पिल्लू साधारण पाव मिलिमीटरचं, पण ते आतड्याची भिंत भोकसून उदरपोकळीत उतरतं, तिथून यकृत शोधतं, त्याचं आवरण फोडून आत शिरतं आणि कित्येक आठवडे यकृत खात, बोगदे पाडत फिरतं. शेवटी पित्तनलिकेत ठाण मांडून अंडी घालायला लागतं. मेंढीत हेपॅटिकाला यासाठी 8 ते 12 आठवडे लागतात. जायगँटिकाला त्याहून बरेच जास्त. म्हणजे मुक्काम चार: आतड्याची भिंत, उदरपोकळी, यकृत, पित्तनलिका. कोणतं जनावर फ्लूकला कुठल्या मुक्कामावर अडवतं, किंवा अडवतच नाही, यावर त्याचं नशीब ठरतं. आणि नेमकं हे ठिकाण जनावरागणिक बदलतं.

प्रयोगशाळेत दोन प्रकारचे उंदीर पाळतात. एक मुठीत मावणारा, वीस-तीस ग्रॅमचा, त्याला तिथं सगळे माऊस म्हणतात. दुसरा थोराड, दोन-तीनशे ग्रॅमचा, तो रॅट. आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण फ्लूकच्या बाबतीत हे दोघं इतके वेगळे आहेत की एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावला तर हमखास फसगत होते.

माऊसचं बघा. त्याचं अख्खं यकृत दीड ग्रॅमच्या आसपास. त्यात दोन-तीन पिल्लं शिरली तरी आतून रक्तस्राव होऊन तो मरू शकतो. जो वाचतो त्याचं पोट उघडून पाहिलं तर चित्र विलक्षण असतं: यकृतावर पांढरट वेडेवाकडे ओरखडे, काही भाग आक्रसलेला, आणि एरवी दोऱ्याएवढी असणारी मुख्य पित्तनलिका फुगून जाडजूड झालेली. ती कापली की आत दोनेक सेंटिमीटरचा तपकिरी फ्लूक दुमडून बसलेला दिसतो. त्या एवढ्याशा जिवात हा किडा मेंढीपेक्षाही लवकर वयात येतो. माऊस त्याला कुठल्याच मुक्कामावर नीट अडवत नाही, आणि एकदा लागण झाली म्हणून दुसऱ्या खेपेला सावधही होत नाही.

रॅटची गोष्ट न्यारी. पहिल्या खेपेला त्यालाही लागण होते, फ्लूक पित्तनलिकेत पोचतात, अंडीही घालतात. पण त्याच रॅटला काही आठवड्यांनी पुन्हा कोश खाऊ घातले की बहुतेक पिल्लं आतड्याच्या भिंतीपलीकडं जातच नाहीत. पहिल्या लागणीनं त्या भिंतीत इओसिनोफिल आणि मास्ट या संरक्षक पेशींची गर्दी झालेली असते, पिल्लांना चिकटणारी प्रतिद्रव्यं तयार असतात, आणि आत शिरू पाहणारं पिल्लू काही तासांत तिथंच निकालात निघतं. लागण झालेल्या रॅटच्या रक्तातला द्रव दुसऱ्या रॅटला टोचला तरी काही प्रमाणात संरक्षण मिळतं. 1970 आणि 80 च्या दशकांत हे निष्कर्ष आले तेव्हा लस आता हाताशी आली, असं अनेकांना वाटलं.

मग पाळी आली मेंढीची. मेंढी काहीच शिकत नाही. पहिल्या वेळी शंभर पिल्लांतली जेवढी पोचतात, साधारण तेवढीच दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीही पोचतात. तिच्या आतड्याची भिंत उघडीच राहते. हेपॅटिका एका मेंढीत अकरा वर्षं जिवंत राहिल्याची नोंद आहे. म्हणजे मेंढीचं अख्खं आयुष्य. रॅटच्या आतड्यावर बेतलेली लस मेंढीत तेवढं काम का करत नाही, याचं कारण इथं आहे. आजही शेतकऱ्याला विकत घेता येईल अशी फ्लूकची लस बाजारात नाही. रॅटवरचं संशोधन वाया गेलं, असं मी अजिबात म्हणणार नाही. संरक्षण शक्य आहे आणि ते कुठं उभं राहतं, हे त्यानंच दाखवलं. पण जे काम रॅटचं शरीर आपसूक करतं, ते मेंढीच्या शरीराकडून करवून घ्यायचं कसं, हा प्रश्न रॅटकडं पाहून सुटत नाही.

गाईनं तिसराच मार्ग धरला आहे. ती आतड्यात अडवत नाही, यकृतात अडवते. पहिल्या लागणीत जिथं जिथं बोगदे पडले तिथं तिथं घट्ट तंतुमय ऊती भरते. पित्तनलिकांच्या भिंती जाड होतात आणि त्यांत चुना साचतो. शवविच्छेदनात असं यकृत कापताना सुरीखाली कर्रकर्र आवाज येतो, तो या चुन्याचा. अशा कडक नलिकेत फ्लूकला धड खाता-पिता येत नाही आणि नव्या पिल्लांना यकृतातून वाट काढणं अवघड जातं, म्हणून गाईतले बरेच फ्लूक वर्षभरात निघून जातात. मेंढीच्या यकृतातही नलिका जाड होतात, दाबल्या की फ्लूक बाहेर येतात, पण चुना भरत नाही. खाटकाकडची अशी कलेजी हातात आली तर बोटानं चाचपून बघा, नलिका जाड लागतात, पण चुन्याची करकर जाणवत नाही. डुकराच्या यकृतात तर संयोजी ऊतींच्या भिंती जात्याच जास्त असतात. तिथं फ्लूक फारसा टिकत नाही, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

आतापर्यंत जात बदलली की निकाल बदलतो, हे पाहिलं. पण एकाच जातीत, केवळ वंश वेगळा म्हणून निकाल उलटावा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण इंडोनेशियातलं आहे. तिथल्या पातळ शेपटीच्या मेंढ्या जायगँटिकाला चांगलाच विरोध करतात. पिल्लं उदरपोकळीत पोचतात तेव्हाच तिथल्या पेशी त्यांच्यावर चालून जातात, आणि लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच बहुतेकांचा खात्मा होतो. युरोपीय मेंढीला हे जमत नाही. आता गंमत बघा. याच इंडोनेशियन मेंढीला हेपॅटिकाचे कोश दिले की ती इतर कुठल्याही मेंढीसारखीच बळी पडते. पेशी त्याच, उदरपोकळी तीच, पण धाकट्या भावाकडं त्या पेशींच्या रासायनिक माऱ्याला निष्प्रभ करणारी विकरं (एन्झाइम) जास्त सरस असावीत, असं दिसतं. म्हणजे ‘हे जनावर फ्लूकला दाद देत नाही’ असं नुसतं म्हणून भागत नाही. कोणत्या फ्लूकला, हे विचारावंच लागतं.

हा मुद्दा आपल्याला थेट लागू होतो. आपल्याकडचा फ्लूक जायगँटिका. तो प्रयोगशाळेतल्या माऊस-रॅटमध्ये सहसा नीट वाढत नाही. पिल्लं यकृतापर्यंत जातात, पण वयात येणारी थोडी. म्हणून अनेक प्रयोगशाळा सोयीनं हेपॅटिका आणि माऊस ही जोडी वापरतात. त्यातून निघालेला निष्कर्ष जायगँटिका आणि म्हैस या जोडीला लावायचा तर मधे दोन उड्या आहेत, आणि दोन्ही ठिकाणी पाय घसरू शकतो.

यकृतातला फ्लूक सोडून रक्तातल्या फ्लूककडं गेलो तर हे कोडं आणखी रंगतं. शिस्टोसोमा नावाचे हे किडे रक्तवाहिन्यांत राहतात, पाण्यातून थेट कातडीवाटे शरीरात शिरतात. महाराष्ट्राचा यात एक धागा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणाऱ्या या रोगाचं ठाणं गाडगीळ आणि शहा यांनी 1952 मध्ये नोंदवलं. तिथला किडा मूत्राशयाच्या रक्तवाहिन्यांतल्या हेमॅटोबियम जातीच्या नात्यातला. ही हेमॅटोबियम जात माऊसमध्ये जेमतेम वाढते, पण सोनेरी हॅमस्टर या उंदरासारख्याच छोट्या प्राण्यात छान. म्हणून तिचा अभ्यास करणारे हॅमस्टर पाळतात. उलट आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये आढळणारी मॅन्सोनी जात माऊसमध्ये उत्तम वाढते. शंभर अळ्या सोडल्या तर तीस-चाळीस प्रौढ मिळतात.

रॅट इथंही चिवट. मॅन्सोनीच्या अळ्या त्याच्या यकृतापर्यंत येतात, पण खुरटतात आणि महिनाभरात बहुतेक नाहीशा होतात. कारण काय असावं, यावर वर्षानुवर्षं तर्क चालले. 2017 मध्ये शिस्टोसोमाच्याच जपॉनिकम जातीवर झालेल्या एका प्रयोगानं नेमकं बोट ठेवलं. रॅटच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू मुबलक तयार करतात. माऊसच्या त्या मानानं कमी. ज्या जनुकामुळं हा वायू बनतो तो रॅटमधून काढून टाकला, तर तोच रॅट जपॉनिकमला बळी पडायला लागला. एका रसायनाच्या कमी-जास्त असण्यावर एवढा सगळा फरक उभा असू शकतो. चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात गवतात राहणारा एक जंगली उंदीर आहे, मायक्रोटस फॉर्टिस. रोगग्रस्त पाण्यालगतच त्याचं आयुष्य जातं, पण जपॉनिकम त्याच्यात वयात येतच नाही. ऱ्हीसस माकडाची तऱ्हा पुन्हा वेगळी: किडे आधी व्यवस्थित वाढतात, अंडी घालतात आणि मग काही महिन्यांत रोडावत जाऊन मरतात. म्हणजे माकड उशिरा, पण स्वतःच बरं होतं.

आता एक असा प्रसंग सांगतो, ज्यानं या क्षेत्रातल्या भल्याभल्यांना विचार बदलायला लावला. एकदा मॅन्सोनीची लागण झालेल्या माऊसला पुन्हा अळ्या दिल्या की दुसऱ्या खेपेच्या अळ्या कमी टिकतात, असं दिसत होतं. सगळ्यांना वाटलं, ही प्रतिकारशक्ती. 1980 च्या दशकात बारकाईनं पाहिल्यावर निराळंच निघालं. पहिल्या किड्यांची अंडी यकृतात अडकतात, तिथं गाठी होतात, यकृताकडं येणाऱ्या मोठ्या शिरेत दाब वाढतो आणि रक्त नव्या, आडवळणाच्या शिरांतून वाट काढतं. नव्या अळ्या यकृतात पोचायच्या, पण तिथं थांबायच्याच नाहीत. त्या आडवाटेनं परत फुप्फुसात जाऊन संपायच्या. पाटाची बारी फुटून पाणी शेजारच्या शिवारात निघून जावं, तसं. रानात पाणी पोचलं नाही म्हणून जमिनीनं ते प्यालं, असं आपण म्हणत नाही. इथं मात्र तशीच समजूत कित्येक वर्षं टिकली होती. पुढं 129 या क्रमांकानं ओळखल्या जाणाऱ्या माऊसच्या वंशात तर असंही दिसलं की काही माऊसांत शिरांची ही गळती आधीपासूनच असते. त्यांच्यात मॅन्सोनी टिकत नाही, आणि त्याचं श्रेय प्रतिकारशक्तीला नव्हे, रक्तवाहिन्यांच्या ठेवणीला जातं. शेकडो लसींच्या चाचण्या ज्या जनावरावर झाल्या त्याच्याबद्दल हे कळणं ही साधी गोष्ट नाही.

आतड्यात राहणाऱ्या एकायनोस्टोमा फ्लूकमध्येही माऊस आणि रॅट विरुद्ध टोकांना आहेत. माऊसमध्ये तो कित्येक महिने मुक्काम करतो, तर रॅटचं आतडं त्याला काही आठवड्यांत बाहेर काढतं. थायलंड-लाओसकडं कच्च्या माशातून माणसात येणारा ऑपिस्थॉर्किस हा यकृत फ्लूक तर कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. त्याच्यामुळं पित्तनलिकेचा कर्करोग कसा होतो, हे अभ्यासायला सोनेरी हॅमस्टरच लागतो. माऊस-रॅटमध्ये तसं चित्र उभं राहत नाही.

आपल्या गोठ्यातही असा एक प्रयोग निसर्गच करत असतो. नाकातल्या शिरांत राहणारा शिस्टोसोमा नेझेल गाईच्या नाकात फुलकोबीसारख्या गाठी करतो, शेंबूड वाहतो, जनावर घोरल्यासारखा श्वास घेतं. त्याच पाण्यात तासन् तास डुंबणाऱ्या म्हशीलाही लागण होते, पण तिच्या नाकात बहुतेकदा काहीच दिसत नाही. नुसतं बघून म्हैस निरोगी म्हणणारा इथं चुकतो, कारण लक्षणं नसली तरी ती किडा बाळगून असते.

जात आणि वंश यांच्या जोडीला आणखी काही गोष्टी निकाल हलवतात. वय, लिंग, खुराक, एकदम दिलेले कोश की रोज थोडे-थोडे. प्रयोगात बहुतेकदा एकाच दिवशी मोजून कोश पाजतात. आपली मेंढी मात्र गाळपेराच्या हिरवळीवर रोज चार-दोन खात असते. भारतात प्राण्यांवरचे असे प्रयोग प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, 1960 खालच्या समितीच्या देखरेखीत आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीनंच करता येतात. कमीत कमी प्राणी वापरायचे, हे त्यात अपेक्षित असतं. म्हणून तर सुरुवातीलाच योग्य प्राणी निवडणं महत्त्वाचं. चुकीच्या जनावरावर केलेल्या प्रयोगात त्या जिवाचे हालही होतात आणि हातात उत्तरही येत नाही.

औषधालाही हाच नियम. शेळीचं शरीर अल्बेंडाझोलसारखी जंतनाशकं मेंढीपेक्षा लवकर निकाली काढतं, त्यामुळं मेंढीचं माप शेळीला कमी पडू शकतं, आणि अपुऱ्या मापानं किडे औषधाला सरावतात. ऑक्सिक्लोझानाइड प्रामुख्यानं पित्तनलिकेतल्या मोठ्या फ्लूकवर चालतं. यकृतात बोगदे पाडत फिरणारी पिल्लं त्यातून सुटतात. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांवरही चालतं. म्हणून धरणाच्या कडेला चारून आणलेल्या जनावराला दुसऱ्याच आठवड्यात पाजलेलं औषध आणि दोन-तीन महिन्यांनी पाजलेलं औषध यांचा परिणाम सारखा नसतो. कोणतं, कधी, किती, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. शेजाऱ्यानं मेंढीला दिलेली बाटली शेळीला पाजू नका.

आणि माझी एक मनापासूनची इच्छा आहे. इंडोनेशियन मेंढीचा विरोध कळला तो एका सरळ प्रयोगातून: दोन वंश, सारखेच कोश, आणि ठरावीक आठवड्यांनी पोटात आणि यकृतात किती फ्लूक उरले याची मोजणी. मराठवाड्यात देवणी आणि लाल कंधारी गाई आहेत, मराठवाडी म्हैस आहे, उस्मानाबादी शेळी आहे. पिढ्यान् पिढ्या हे वंश गोदावरी, पूर्णा, मांजराच्या काठावर याच जायगँटिकासोबत राहत आले आहेत. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. संकरित गाय आणि देवणी शेजारी शेजारी ठेवून, त्यांच्या शेणातली अंडी महिन्या-महिन्याला मोजायला माऊसही लागत नाही आणि एकही जनावर मारावं लागत नाही. पदव्युत्तर विषय शोधणाऱ्या पोरापोरींनी हा प्रश्न हातात घ्यावा, आणि सुरुवात पावसाळा संपून पाणी मागं हटायला लागतं तेव्हा करावी. लागण धरण्याचा हंगाम तोच असतो.